तयार कॅरेक्टर फ्रेमवर्कचं लायसन्स घ्यावं की स्वतः बनवावं? खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या गेम टीम आणि एकट्याने गेम बनवणारे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. किमती डॉलरमध्ये आहेत, कारण बहुतेक स्टोअर त्यातच आकारतात. लायसन्सच्या अटी बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा मजकूर स्वतः वाचा.

1. कॅरेक्टर फ्रेमवर्क म्हणजे नक्की काय? तयार थ्रीडी मॉडेल म्हणजेच फ्रेमवर्क का?

नाही, मॉडेल हा त्यातला फक्त एक थर. सगळ्यात खाली शरीर असतं: मेश म्हणजे बाहेरचा आकार, हाडांचा सांगाडा म्हणजे रिग, आणि कपडे. त्यावर ॲनिमेशन. त्यावर कंट्रोलर, म्हणजे चालणं, उडी, चढण, कॅमेरा, टक्कर हे सांभाळणारा कोड. त्याच्याही वर क्षमता, शस्त्रं, सामान, आरोग्य यांची यंत्रणा. काही ठिकाणी खेळाडूला चेहरा आणि पोशाख निवडू देणारा भागही असतो.

विक्रेते यातले दोन-तीन थर एका पुडक्यात बांधून त्याला फ्रेमवर्क म्हणतात. तुम्हाला नेमका कुठला थर हवा आहे हे आधी ठरवा. अनेकांना हवी असते चांगली उडी, आणि ते विकत घेतात सामानाच्या पेटीसकट सगळा संसार. शिवाय प्रत्येक थराचं लायसन्स वेगळं असू शकतं: कोडचं एक, सोबतच्या डेमो पात्राचं दुसरं, ॲनिमेशनचं तिसरं.

2. एकदा पैसे भरले की ते कायमचं माझं झालं ना?

तुम्ही वस्तू विकत घेत नाही, वापरण्याचा हक्क घेता. एकरकमी लायसन्स साधारणपणे बिनमुदतीचं असतं, पण बिनमुदतीचं म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. मोठी नवी आवृत्ती आली की ती वेगळा ॲसेट (स्टोअरवर विकला जाणारा तयार भाग) म्हणून पुन्हा विकण्याची पद्धत आहे. जुन्या ग्राहकांना सवलत मिळते, पण पैसे पडतातच.

सबस्क्रिप्शन असेल तर एकच गोष्ट तपासा: वर्गणी थांबवल्यावर आधी प्रकाशित केलेल्या गेममध्ये तो भाग ठेवता येतो का, आणि त्या गेमचे अपडेट काढता येतात का? पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर मिळालं, तर गेम जिवंत आहे तोवर वर्गणी तुमच्या मागे आहे.

3. विकत घेण्याआधी फुकटात काय काय मिळतं ते सांगाल का?

बरंच काही. अनरियल हे एपिक कंपनीचं गेम इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बनतो ती पायाभूत प्रणाली. त्यात बसवलेला गेमप्ले ॲबिलिटी सिस्टीम हा क्षमता सांभाळणारा भाग एपिकने स्वतःच्या फोर्टनाइट गेमसाठी वापरलेला आहे, आणि 2022 पासून लायरा हा पूर्ण नमुना प्रकल्प मोफत मिळतो. 2024 मध्ये एपिकने गेम ॲनिमेशन सॅम्पल दिलं. त्यात पाचशेहून जास्त ॲनिमेशन आहेत आणि मोशन मॅचिंग, म्हणजे हालचालीला जुळणारं ॲनिमेशन त्या क्षणी निवडायची पद्धत, जोडून दिलेली आहे. पॅरागॉन हा गेम बंद केल्यावर 2018 मध्ये त्याची पात्रंही एपिकने मोफत खुली केली, पण त्यात एक मेख आहे (प्रश्न 9 पाहा).

युनिटी या दुसऱ्या इंजिनाकडे स्टार्टर ॲसेट्स आहेत. कायनेमॅटिक कॅरेक्टर कंट्रोलर एकेकाळी विकत मिळायचा, आता मोफत आहे. गोडो इंजिन स्वतः एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे आणि त्यात कॅरेक्टर हलवण्याचा पायाभूत नोड (तयार घटक) आधीपासूनच आहे. ॲनिमेशनसाठी अडोबीचं मिक्सामो: मोफत, व्यावसायिक गेममध्ये वापरता येतं, रॉयल्टी नाही. मात्र ते दोन पायांच्या माणसासारख्या आकृतीलाच लागू पडतं. तुमचा नायक कोळी असेल तर मिक्सामो विसरा. साध्या शैलीच्या मॉडेलसाठी केनी आणि क्वाटर्नियस यांचे सीसी-झिरो, म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेले, संच आहेत, त्यांना श्रेय देण्याचंही बंधन नाही.

आमचं मत विचाराल तर प्रोटोटाइप नेहमी यातल्याच एखाद्यावर करावा. खेळायला मजा येते की नाही हे कळेपर्यंत पैशाला हात लावू नये.

4. फ्रेमवर्कची किंमत स्वतः बनवण्याच्या मानाने अगदीच कमी दिसते. मग विचार कसला करायचा?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. स्टोअरवर दिसणारी किंमत हा एकूण खर्चातला बहुतेक वेळा सगळ्यात लहान आकडा असतो. बाकीचा खर्च तासांमध्ये असतो, आणि तासांची पावती कोणी देत नाही.

एक हिशोब मांडू. आकडे मानलेले आहेत, तुमचे घालून बघा. टीम तिघांची, प्रत्येकाच्या तासाचा खर्च 20 डॉलर. फ्रेमवर्क माणशी 100 डॉलर, म्हणजे लायसन्स 300 डॉलर. तिघांना ते समजून घ्यायला प्रत्येकी 15 तास, म्हणजे 45. तुमच्या गेमला जुळवायला 60 तास. नको असलेले डेमो, मेन्यू आणि शेडर काढायला 10. प्रकल्पाच्या काळात दोन मोठे अपडेट आले, प्रत्येकाला 12 तास, म्हणजे 24. बेरीज 139 तास, म्हणजे 2,780 डॉलर. लायसन्स धरून 3,080. यात लायसन्सचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे.

आता हीच यंत्रणा स्वतः बनवायला 200 तास आणि पुढच्या दुरुस्त्यांना 60 तास धरले तर 5,200 डॉलर होतात. इथे फ्रेमवर्क घेणं शहाणपणाचं.

पण गेम साधा असेल, पात्र फक्त डावी-उजवीकडे चालतं आणि उडी मारतं, तर स्वतःचा कंट्रोलर 40 तासांत होतो, दुरुस्तीला 10 तास धरा: 1,000 डॉलर. फ्रेमवर्क जुळवायला आता 60 ऐवजी 30 तास धरले तरी तो मार्ग 2,480 ला पडतो. विक्रेत्याने लायसन्स फुकट दिलं तरी 2,180. म्हणजे साध्या गेमला फुकटचं फ्रेमवर्कसुद्धा महाग पडू शकतं. हे लोकांच्या पटकन गळी उतरत नाही, कारण डोळ्यांसमोर फक्त सवलतीचा लाल आकडा असतो.

एकटे काम करणारे बरेच जण म्हणतात, ‘माझ्या तासाला कोण पैसे देतंय?’ तरीही तास मोजा. डॉलरऐवजी महिने लिहा: 139 तास म्हणजे नोकरी सांभाळून आठवड्याला 10 तास काम करणाऱ्याचे जवळजवळ सव्वातीन महिने.

5. जुळवायला किती तास लागतील हे आधी कसं कळणार?

डेमो बघून कळत नाही. डेमोमध्ये जमीन सपाट असते, पात्र मध्यम उंचीचं असतं आणि दार नेमकं त्याच्या मापाचं असतं.

तुमच्या गेममधली सगळ्यात अडचणीची हालचाल निवडा. दोन उंचींची पात्रं एकाच शिडीवर चढतात, किंवा नायक घोड्यावरून बाण मारतो, असं काहीतरी. फ्रेमवर्क मोफत असेल किंवा त्याची चाचणी आवृत्ती मिळत असेल, तर तेवढीच एक हालचाल आठवडाभरात बसवून बघा. चाचणी आवृत्ती नसेल तर कागदपत्रं वाचा. नवीन क्षमता जोडायची तर मूळ फाइल बदलावी लागते, की बाहेरून कोडचा वर्ग (क्लास) जोडता येतो? मूळ फाइल बदलावी लागत असेल तर प्रत्येक अपडेटला तोच बदल पुन्हा करायची तयारी ठेवा.

सांगाडा हीही तपासायची जागा. पुष्कळ फ्रेमवर्क हाडांची ठरावीक रचना गृहीत धरतात. युनिटीतली ह्युमनॉइड पद्धत आणि अनरियलमधला आयके रिटार्गेटर यांमुळे एका रिगचं ॲनिमेशन दुसऱ्यावर नेता येतं, पण प्रमाण वेगळं असलं की पाय घसरतात आणि हात शस्त्रापासून बोटभर लांब राहतो. हे दुरुस्त करायला ॲनिमेटर लागतो, प्रोग्रामर नाही. अंदाज काढताना हा माणूस बहुतेक जण विसरतात.

6. आमच्या टीममध्ये तिघं आहेत. एकाने विकत घेतलं तर बाकीच्यांना वापरता येईल?

ॲसेटच्या प्रकारावर आहे. युनिटी ॲसेट स्टोअरवर लायसन्सच्या ओळीत ‘एक्स्टेन्शन ॲसेट’ असं लिहिलं असेल तर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी वेगळं लायसन्स लागतं, आणि कोड स्वरूपातली साधनं बरेचदा याच प्रकारात मोडतात. मॉडेल, टेक्श्चर, ध्वनी यांना बहुधा एका संस्थेला एक लायसन्स पुरतं. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एपिकच्या फॅब बाजारात माणसं मोजण्याऐवजी पर्सनल आणि प्रोफेशनल असे दोन दर ठेवले आहेत (प्रश्न 7).

तात्पुरता आलेला फ्रीलान्सरही सीटच्या, म्हणजे माणशी लायसन्सच्या, हिशोबात धरावा लागतो. तो तुमच्या प्रोजेक्टमधला तो कोड उघडणार असेल तर त्याच्यासाठीही तरतूद करा. फक्त संगीत पाठवणारा असेल तर प्रश्न नाही.

7. आत्ता आमची कमाई शून्य आहे. गेम चालला तर लायसन्स महाग होईल का?

होऊ शकतं, कारण बऱ्याच ठिकाणी दर तुमच्या उत्पन्नाला बांधलेला असतो. काही ठळक उंबरठे असे: फॅबवरचा पर्सनल दर वर्षाला 1 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना. युनिटी पर्सनल 2 लाख डॉलरपर्यंत. अनरियलची 5 टक्के रॉयल्टी गेमने एकूण 10 लाख डॉलर कमावल्यानंतरच्या रकमेवर. टूडी सांगाड्यासाठीचं स्पाइन हे साधन वर्षाला 5 लाख डॉलर किंवा जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्यांना एंटरप्राइझ लायसन्स घ्यायला लावतं. टूडी चित्रांना हालचाल देणाऱ्या लाइव्हटूडी क्युबिझमच्या एसडीकेसह (गेममध्ये जोडायच्या कोड-संचासह) गेम प्रकाशित करताना लागणाऱ्या लायसन्समधून वार्षिक विक्री 1 कोटी येनच्या आत असलेल्या लहान व्यवसायांना सूट आहे, पण त्या सुटीलाही अपवाद आहे (प्रश्न 11).

उत्पन्न या शब्दात काय काय धरलं आहे हे वाचा. युनिटीच्या मर्यादेत गुंतवणूकदारांकडून आलेला निधीही मोजला जातो. एकही प्रत न विकता तुम्ही वरच्या दरात जाऊ शकता.

8. एकरकमी किंमत बरी की विक्रीवर टक्केवारी?

टक्केवारी एकूण विक्रीवर आहे की तुमच्या हातात पडणाऱ्या रकमेवर, हे आधी बघा. स्टीम हे गेमचं स्टोअर सुरुवातीला 30 टक्के कापून घेतं. फ्रेमवर्कवाल्याने एकूण विक्रीवर 3 टक्के मागितले, तर तुमच्या हातातल्या 70 मधून 3 जातात. म्हणजे प्रत्यक्षात 4.3 टक्के.

समजा तोच विक्रेता 6,000 डॉलर एकरकमीही घ्यायला तयार आहे. 3 टक्क्यांनी 6,000 व्हायला 2 लाखांची विक्री लागते. त्याच्या आत राहाल असं वाटत असेल तर टक्केवारी घ्या. बहुतेक छोटे गेम तिथवर पोहोचत नाहीत, आणि कोणालाही आपला गेम त्यातला वाटत नाही. टक्केवारीत आणखी एक छुपा खर्च असतो: दर तिमाहीला हिशोब पाठवावा लागतो आणि कधी वह्या तपासू द्याव्या लागतात. शिवाय इंजिनाची रॉयल्टी वेगळी. अनरियलवरच्या गेमने 15 लाख डॉलरची विक्री केली तर वरच्या 5 लाखांवर 5 टक्के, म्हणजे 25,000 डॉलर इंजिनाला जातात. फ्रेमवर्कची टक्केवारी त्याला जोडून मगच परवडतं का ते बघा.

9. पुढे इंजिन बदललं तर विकत घेतलेलं कॅरेक्टर सोबत नेता येईल?

तांत्रिक परवानगी आणि कायदेशीर परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफबीएक्स ही थ्रीडी मॉडेलची फाइल कुठेही उघडते, पण लायसन्स उघडेलच असं नाही. पॅरागॉनची पात्रं मोफत आहेत, मात्र ती फक्त अनरियलमध्येच वापरायची आहेत. मेटाह्युमन या एपिकच्या खऱ्या माणसांसारख्या पात्रांचंही आधी तसंच होतं. जून 2025 मध्ये अनरियल 5.6 सोबत ती अट सैल झाली, आणि आता मेटाह्युमन पात्रं युनिटी किंवा गोडोमध्येही वापरता येतात.

कोडच्या बाबतीत उत्तर सोपं आणि वाईट आहे: सी-शार्पमधलं फ्रेमवर्क अनरियलमध्ये जात नाही. मॉडेल आणि ॲनिमेशन सोबत येतील, वागणूक नव्याने लिहावी लागेल.

युनिटीने 12 सप्टेंबर 2023 रोजी रनटाइम फी, म्हणजे गेमच्या इन्स्टॉलमागे शुल्क, जाहीर केली तेव्हा हा प्रश्न एकदम शेकडो टीमपुढे आला. बरोबर एका वर्षाने, 12 सप्टेंबर 2024 ला, ती रद्द झाली. पण तोवर आपण इंजिनाला किती जखडलेलो आहोत हे सगळ्यांनी मोजून घेतलं होतं.

10. बनवणाऱ्याने काम सोडलं किंवा कंपनीच बंद झाली तर?

फ्रेमवर्क तुमच्या मशीनवर चालतं की त्यांच्या सर्व्हरवर, यावर सगळं आहे. सोर्स कोड हातात असेल तर गाडं पुढे ढकलता येतं. इंजिनाची नवी आवृत्ती आली की तुम्हीच दुरुस्ती कराल, एवढंच. सेवा त्यांच्या सर्व्हरवर असेल तर ते दिवा मालवतील त्या दिवशी तुमच्या गेममध्येही अंधार.

रेडी प्लेयर मी हे ताजं उदाहरण. खेळाडूचा अवतार बनवून देणारी ही सेवा कितीतरी गेमनी जोडून घेतली होती. डिसेंबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सने ती कंपनी घेतली आणि जानेवारी 2026 अखेर सेवा बंद करण्याचं ठरलं. जोडणी काढून दुसरी बसवायला साधारण महिनाभराचा अवधी, तोही सुट्ट्यांच्या दिवसांत.

त्यामुळे विकत घेतलेली प्रत्येक आवृत्ती, तिच्या पावतीसह आणि त्या दिवसाच्या लायसन्सच्या मजकुरासह, स्वतःकडे जपून ठेवा. स्टोअरच्या ‘माझे ॲसेट’ यादीवर विसंबू नका.

11. आमच्या गेममध्ये खेळाडू स्वतःचं पात्र बनवतात, मॉडही (गेममध्ये स्वतः केलेले बदल) टाकू शकतात. काही वेगळं लागतं का?

बरेचदा लागतं, आणि नेमकं इथेच स्वस्त लायसन्स अपुरं पडतं. सर्वसाधारण लायसन्स तुम्हाला ॲसेट गेमच्या आत बसवून द्यायची मुभा देतं. खेळाडूला ती फाइल काढून नेता येईल, किंवा बदलून दुसऱ्याला पाठवता येईल, अशी सोय तुम्ही केलीत की ते पुनर्वितरण ठरू शकतं. मॉडसाठी साधनं द्यायची असतील तर त्यात विकत घेतलेली मूळ मॉडेल घालू नका. रिकामा सांगाडा आणि हाडांची नावं दिलीत तर मॉड बनवणाऱ्यांचं काम भागतं.

लाइव्हटूडीमध्ये बाहेरून नवी मॉडेल आत घेणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी वेगळा वर्ग आहे. तुमचा व्यवसाय कितीही छोटा असला तरी त्या वर्गाला प्रश्न 7 मधली सूट लागू होत नाही, वेगळा करार करावा लागतो.

उलट बाजूने, खेळाडू बाहेरचं पात्र आणत असेल तर त्या पात्राच्या अटी तुमच्या गेममध्ये शिरतात. व्हीआरएम या अवतार-फॉरमॅटमध्ये वापराच्या अटी फाइलच्या आतच लिहिलेल्या असतात: व्यावसायिक वापर चालेल का, हिंसक दृश्यं चालतील का, कोणी वापरावं. फाइल आत घेताना त्या नोंदी वाचणारा कोड लिहा. दिवसभराचं काम आहे, पण बजेटमध्ये धरा.

12. विकत घेतलेलं फ्रेमवर्क असलेला प्रोजेक्ट गिटहबवर ठेवला तर?

खाजगी रिपॉझिटरीत, लायसन्स असलेल्या माणसांपुरता, ठीक. सार्वजनिक रिपॉझिटरीत नाही. ॲसेटचा फोल्डर सुरुवातीपासून वेगळ्या सबमॉड्यूलमध्ये (जोडलेल्या स्वतंत्र रिपॉझिटरीत) ठेवा, म्हणजे पुढे स्वतःचा कोड खुला करायचा झाला तर इतिहास धुवत बसावं लागणार नाही.

13. मुक्त लायसन्सची पात्रं फुकट आहेत, मग त्यात खर्च कुठे आला?

सीसी-झिरोमध्ये नाही. सीसी-बायमध्ये श्रेय द्यायचं, तेवढंच. नावात एनसी (बिगर-व्यावसायिक) असेल तर विकायच्या गेमसाठी ते पान बंद करा. एसए असेल तिथे जरा थांबावं लागतं.

लिबरेटेड पिक्सेल कप या 2012 च्या उपक्रमातून आलेला टूडी पात्रांचा संच खूप वापरला जातो. अंग, केस, कपडे, शस्त्रं जोडून हवं ते पात्र बनवता येतं, म्हणजे खरंखुरं फ्रेमवर्कच. तो मुळात सीसी-बाय-एसए 3.0 आणि जीपीएल 3.0 या दुहेरी लायसन्सखाली आला. याचा अर्थ तुम्ही त्या चित्रांत केलेले बदल त्याच अटींवर इतरांना द्यावे लागतात. तुमच्या चित्रकाराने आठवडे घालून रंगवलेलं चिलखतही, ते त्या मूळ चित्रावरून बनलेलं असेल तर. एका पात्रात दहा कलाकारांचे तुकडे असू शकतात, आणि श्रेय सगळ्यांना द्यायचं. शिवाय तांत्रिक कुलूप लावून या अटी मोडायला मनाई आहे. त्यामुळे कॉपी-संरक्षण असलेल्या प्लॅटफॉर्मवर अडचण येऊ शकते.

संच उत्तम आहे, आम्ही तो सुचवतोही. मात्र आपली कला फक्त आपलीच राहावी असं वाटत असेल तर तो तुमच्यासाठी नाही.

14. डॅझ थ्रीडी या थ्रीडी पात्रांच्या स्टोअरमधलं पात्र घेतलं. आता म्हणतात ‘इंटरॅक्टिव्ह लायसन्स’ही घ्या. का?

कारण साधं लायसन्स चित्रं आणि व्हिडिओ काढण्यापुरतं आहे. थ्रीडी मॉडेल स्वतःच गेमच्या आत जाणार असेल तर इंटरॅक्टिव्ह लायसन्स लागतं, आणि तेही प्रत्येक ॲसेटसाठी: शरीर, केस, बूट, कोट सगळे वेगळे. एका पात्राचा हिशोब करताना सात-आठ ओळी सहज होतात.

यातून एक वाट आहे. पात्राचे सगळे कोन चित्रं म्हणून रेंडर करून टूडी स्प्राइट किंवा दृश्य-कादंबरीतली चित्रं बनवलीत तर साधं लायसन्स पुरतं, कारण गेममध्ये मॉडेल जात नाही.

15. वर्णनात ‘मल्टिप्लेअर रेडी’ लिहिलंय. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का?

विचारून मगच. हे दोन शब्द फार सैलपणे वापरले जातात. कुठे त्याचा अर्थ एवढाच असतो की दोन खिडक्यांत पात्र हलताना दिसतं. तुम्हाला कळायला हवं ते असं: हालचाल सर्व्हर ठरवतो की खेळाडूचं मशीन? मशीन ठरवत असेल तर फसवणुकीला दार उघडं आहे. खेळाडूच्या मशीनवर आधीच हालचाल दाखवून नंतर सर्व्हरशी ताळमेळ घालायची सोय, म्हणजे प्रेडिक्शन, आहे का? ती फक्त चालण्या-धावण्याला आहे की क्षमतांनाही? कुठल्या नेटवर्क लायब्ररीवर उभं आहे, आणि त्या लायब्ररीचं स्वतःचं लायसन्स किंवा खेळाडूंच्या संख्येवरचं भाडं काय?

अनरियलमध्ये कॅरेक्टर मूव्हमेंट कंपोनंटला प्रेडिक्शन मुळातच आहे आणि गेमप्ले ॲबिलिटी सिस्टीमलाही आहे. म्हणून तिथलं विकतचं फ्रेमवर्क याच दोघांवर उभं असेल तर काळजी कमी. त्याने स्वतःची वेगळी हालचाल-यंत्रणा लिहिली असेल तर खोदून विचारा.

एकट्या खेळाडूसाठी लिहिलेलं फ्रेमवर्क नंतर मल्टिप्लेअर करणं हा या पानावरचा सगळ्यात महाग निर्णय आहे. प्रत्येक स्थिती, प्रत्येक टायमर, प्रत्येक यादृच्छिक संख्या पुन्हा तपासावी लागते. तिथे तासांचा अंदाज तिप्पट केला तरी कमी पडतो. मल्टिप्लेअर होण्याची दाट शक्यता असेल तर पहिल्याच दिवशी त्या हिशोबाने निवडा, नाहीतर तो विचार पूर्ण सोडा.

16. कन्सोलवर जायचं आहे. काही तपासायला हवं का?

सोर्स कोड मिळतो का, एवढं नक्की तपासा. फक्त तयार बायनरी मिळत असेल तर ती तुमच्या कन्सोलसाठी बनवलेलीच नसू शकते, आणि कन्सोलची विकास-साधनं गोपनीयता करारामागे असल्यामुळे विक्रेत्याकडे ती असतीलच असं नाही. त्याला थेट विचारा की याच्यावर कुठल्या कन्सोलवर गेम प्रकाशित झालाय. ‘चालायला हवं’ हे उत्तर नकार समजा.

17. एआयशी संबंधित काही अटी असतात का?

असतात, दोन दिशांनी. विकत घेतलेली पात्रं एआय मॉडेलला शिकवायला वापरायची नाहीत, अशी अट आता सर्रास दिसते. फॅबवर विक्रेते तशी खूण लावू शकतात. दुसरी दिशा अशी: तुम्ही घेतलेल्या संचातली पात्रंच एआयने बनवलेली असतील तर जानेवारी 2024 पासून स्टीमवर गेम सादर करताना तसं जाहीर करावं लागतं. म्हणून विक्रेत्याकडून आधी लेखी विचारून घ्या. जाहीर करायची जबाबदारी तुमच्या माथी आहे, त्याच्या नाही.

हालचालींच्या डेटालाही हेच लागू. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोशन कॅप्चर संग्रह व्यावसायिक गेममध्ये वापरता येतो, फक्त तो डेटा जसाच्या तसा विकायचा नाही. पण संशोधनात प्रसिद्ध असलेलं एसएमपीएल हे शरीर-मॉडेल बिगर-व्यावसायिक अटींवर मिळतं, व्यावसायिक वापराला वेगळं लायसन्स लागतं. व्हिडिओवरून ॲनिमेशन काढून देणारी बरीच मोफत साधनं आतून त्यावरच चालतात.

18. आम्हाला कोड नको, पात्रांचे नियम हवेत: वर्ग, पातळी, गुण. तेही लायसन्स करावे लागतात?

नियमांच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, त्या मांडणाऱ्या मजकुरावर असतो. ताकद, चपळाई असे सहा गुण आणि वीस बाजूंचा फासा वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. वर्णनं, मंत्रांचा मजकूर, खास प्राणी हे मात्र दुसऱ्याचं.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्ले खेळाचा एसआरडी 5.1 हा नियमसंच 27 जानेवारी 2023 पासून सीसी-बाय 4.0 खाली आहे. श्रेय द्या आणि विकायच्या गेममध्येही वापरा, रॉयल्टी नाही. ही मोकळीक फक्त त्या दस्तऐवजातल्या मजकुरापुरती आहे. पुस्तकांतलं बाकीचं जग, ठिकाणं, नावाजलेली पात्रं आणि बोधचिन्ह त्यात येत नाही.

19. गेम क्लायंटसाठी बनवतोय. लायसन्स त्याने घ्यावं की मी?

शक्यतो त्याच्या खात्यावर, त्याच्या नावाने. ॲसेट लायसन्स एकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येतीलच असं नाही, आणि प्रोजेक्ट हवाली करताना त्यात तुमच्या नावाचं लायसन्स निघालं की बोलाचाली होते. तुम्ही स्वतःही कोड उघडणार असाल तर सीटच्या अटीनुसार तुमचं वेगळं (प्रश्न 6). कोटेशनमध्ये ही ओळ स्वतंत्र दाखवा.

20. प्रकल्प अर्ध्यावर आला आणि फ्रेमवर्क काढून टाकावंसं वाटतंय. काढावं का?

आधी शोधा की तुमच्या किती फाइलींमध्ये त्या फ्रेमवर्कचं नाव थेट आलेलं आहे. एडिटरमधला शोध वापरलात तर पाच मिनिटांत आकडा कळतो. शत्रू, मेन्यू, सेव्ह सगळीकडे तेच नाव दिसत असेल तर काढणं म्हणजे पुनर्लेखन. मोजक्या फाइलींत असेल तर एखाद-दोन आठवड्यांचं काम.

आतापर्यंत घातलेले पैसे आणि तास या हिशोबात धरू नका, ते कुठल्याही निर्णयाने परत येत नाहीत. पुढच्या सहा महिन्यांत फ्रेमवर्कशी झगडण्यात जाणारे तास एका बाजूला ठेवा, काढायचे तास दुसऱ्या बाजूला. जवळजवळ सारखे आले तर काढू नका, कारण काढण्याचा अंदाज नेहमी कमीच धरला जातो. सेव्ह फाइलींचा प्रश्न वेगळा: अर्ली ॲक्सेसमध्ये (गेम पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवला असताना) खेळाडूंचे सेव्ह त्या फ्रेमवर्कच्या रचनेत साठलेले असतील, तर जुनं वाचून नव्यात बदलणारा कोड लिहावा लागेल आणि तो पुढेही सांभाळावा लागेल.

नव्याने सुरू करत असाल तर फ्रेमवर्क आणि तुमचा गेम यांच्यामध्ये स्वतःचा एक पातळ थर ठेवा. गेमने फक्त ‘उडी मार’, ‘इजा झाली’, ‘हे उचल’ असं म्हणावं, फ्रेमवर्कचं नाव त्या थरातच राहावं. सुरुवातीला दोन-तीन दिवस जास्त जातात.